मायलोच्या गॅरेजचा दांडा

आमच्या गावात घराचं पुढचं दार हे नावापुरतं असतं. ते पाद्रीबाबांसाठी, काहीतरी विकायला आलेल्यांसाठी आणि वेळ आलीच तर अँब्युलन्ससाठी. बाकी सगळी ये-जा गॅरेजमधून. गाडीतूनच बटण दाबायचं, दार कडकडत वर जातं, गाडी आत घालायची, दार खाली. एकदा ते दार खाली आलं की तो माणूस त्या दिवसापुरता जगाला संपला. आत तो जेवतोय की रडतोय, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

मायलो वोंद्राचं घर आमच्या बरोबर समोर. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याच्या गॅरेजचं दार सरळ दिसतं. भांडी घासत त्या खिडकीपाशी मी अर्धं आयुष्य उभी आहे, त्यामुळे माझ्या नवऱ्याला, एल्डनला, माझ्याबद्दल जेवढं माहीत नसेल तेवढं मला त्या दाराबद्दल माहीत आहे.

मायलोचा जन्म गेला गावाच्या धान्यकोठारात. तिथले पट्टे, साखळ्या, मोटारी, जे काही फिरतं ते सगळं त्याच्या हाताखालचं. उंच, खांद्यात जरा वाकलेला, डोक्यावर बियाणं कंपनीची फुकटची टोपी. बोलण्याच्या बाबतीत मात्र आनंद. कसा आहेस म्हणून विचारलं की "वाईट नाही" म्हणायचा, आणि तेही घरावर झाड पडलेलं असताना. दोघांच्या वाटणीचं बोलायचं काम त्याच्या बायकोकडे होतं. आर्डिथ आली की निघायला एक तास आधी "चला, निघते" म्हणायची, मग दारात बोलायची, मग गाडीपाशी बोलायची, मग काच खाली करून बोलायची. मायलो तेवढा वेळ गाडीत चावी फिरवायच्या तयारीत बसलेला. घरात माणसं यायची ती तिच्यामुळे, आणि मायलोला वाटायचं, आपल्यामुळे येतात.

हिवाळ्याच्या तोंडावर, साखरेचे बीट काढायच्या दिवसांत, सगळा गाव शेतात नाही तर साखर कारखान्यात असताना, आर्डिथ गेली. मग आमच्याकडे होतं तसंच झालं. प्रत्येक घरातून एकेक भांडं आलं. कुणाचा बटाटे आणि खिम्याचा भाजलेला थर, कुणाची हॅमची तबकडी, माझ्या लिंबाच्या वड्या. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव, म्हणजे परत कुठे द्यायचं ते कळावं. मायलोच्या फ्रीजमध्ये जागा उरली नाही, मग त्याने भांडी गॅरेजमध्ये ओळीने मांडली. गॅरेज त्या दिवसांत फ्रीजपेक्षा गारच असतं.

भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आमची रीत. मायलोला चहासुद्धा धड येत नव्हता. तो धुतलेल्या भांड्यात स्वतःच्या बागेतले बटाटे घालून परत करायचा. पण सगळी एकदम नाही. आठवड्याला एक. गुरुवारी दुपारी त्याचं दार वर जायचं आणि तो एकच भांडं छातीशी धरून कुणाच्या तरी घराकडे निघायचा. तिथे कॉफीला बसवत, दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा तो बसायचा. मी एल्डनला म्हटलं, हा माणूस भांडी पुरवून पुरवून वापरतोय. एल्डन म्हणाला, "त्याच्या गाडीचं पेट्रोल, तुझं काय जातं?" तो चालत जातो हेसुद्धा याच्या लक्षात आलं नव्हतं.

माझं भांडं सगळ्यात शेवटी आलं, जानेवारीत. त्यानंतर गुरुवारी त्याचं दार उघडेनासं झालं.

आता कुणी म्हणेल, एवढे शेजारी, कुणी जाऊन बसलं का नाही त्याच्याजवळ. म्हणणाऱ्याने आमच्याकडे एक हिवाळा काढावा. आमच्या गावातला पुरुष दुसऱ्या पुरुषाकडे नुसता जात नाही. त्याला काम लागतं. शिडी धरायची असेल, बॅटरी मेली असेल, झाड पाडायचं असेल, तर जेवण टाकून धावेल. पण काम नसताना गेला तर दोघंही चोरासारखे उभे राहतात. मी एल्डनला एका रविवारी सांगितलं, "जा ना, बस जरा मायलोकडे."

"काय काम आहे?"

"काम काही नाही."

"मग जाऊन सांगू काय?"

बायकांना तर कामाची सबबही पुरत नाही. मी एकटी जाऊन बसले असते तर पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर माझीच चर्चा झाली असती. जेवायला बोलावलं की मायलो म्हणायचा, उगाच तुम्हाला त्रास. एकदा आला, तर अंगातलं जॅकेट न काढता खुर्चीच्या कडेवर बसून जेवला आणि ताट स्वतः धुऊन गेला. मला एवढा राग आला त्याचा, आणि एवढी दयाही आली, की दोन्ही कुठे ठेवावं कळेना.

फेब्रुवारीत एक दिवस ऊन पडलं, बर्फ वितळून पाणी त्याच्या दाराखाली गेलं, आणि रात्रीतून ते गोठलं. सकाळी दाराची खालची रबरी पट्टी जमिनीला घट्ट चिकटलेली. अशा वेळी बटण दाबायचं नाही हे इथल्या पोरांनाही कळतं. आधी फावड्याने बर्फ फोडायचा, मग दार. पण ते काम आर्डिथ करायची, सकाळी चर्चच्या गायनाला जायची घाई तिला असायची. मायलोने बटण दाबलं. वर छताला मोटार, तिथून दारापर्यंत जो लोखंडी दांडा येतो तो दाराला ओढायला लागला, आणि दार हललंच नाही, तेव्हा दांडाच वाकला.

मायलोने कुणाला हाक मारली नाही. तो गॅरेजच्या बाजूच्या छोट्या दाराने बाहेर आला आणि खिशात हात घालून स्वतःच्या बंद दाराकडे बघत उभा राहिला. एल्डनने ते पाहिलं आणि कॉफीचा कप तसाच ठेवून गेला. तोही बघत उभा राहिला. आमच्याकडे दोन पुरुष एखाद्या बिघडलेल्या वस्तूकडे बघत उभे राहिले की तिसरा येतोच. गावातलाच रूडी पावलक ट्रकमधून चालला होता, तो थांबला. मग तिघं आत गेले.

ते काम मायलोने झोपेतही एकट्याने केलं असतं. लाल दोरी ओढून दार मोटारीपासून सोडवायचं, खीळ काढायची, जुना दांडा उतरवायचा, नव्याचे दोन तुकडे भोकावर भोक जुळवून बोल्टने आवळायचे. पण एल्डनने टॉर्च धरली, रूडीने दार धरलं, आणि नवा दांडा आणायला तिघंही एकाच ट्रकमधून गेले, जणू तो उचलायला तीन माणसं लागतात. दुपारपर्यंत चाललं होतं. मी वड्या घेऊन गेले तेव्हा मायलो शिडीवर होता आणि रूडी त्याला म्हणत होता, "चाळीस वर्षं कोठाराच्या मोटारी सांभाळल्यास आणि घरच्या दाराला हरलास. आर्डिथ वरून बघत असेल ना, तर हसून हसून तिच्या पोटात दुखत असेल."

तिचं नाव तोंडून गेल्यावर रूडीने जीभ चावली. मग मायलोच हसला. आर्डिथ गेल्यानंतर मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मार्चमध्ये दांडा पुन्हा वाकला. पुन्हा बर्फ. पुन्हा तिघं. एल्डन घरी येऊन म्हणाला, मायलो म्हातारा झाला, एकच चूक दोनदा करतो. एप्रिल संपताना तो तिसऱ्यांदा वाकला, तेव्हा बर्फाचा मागमूस नव्हता, माझ्या ट्यूलिपला कळ्या आल्या होत्या. मायलोने सांगितलं, आजकाल लोखंडच हलकं येतं. यावर एल्डन आणि रूडी आजकालच्या लोखंडाबद्दल, मग आजकालच्या ट्रकबद्दल, मग आजकालच्या सगळ्याबद्दल जेवणाची वेळ टळेपर्यंत बोलत बसले. असा विषय त्यांना वर्षभरात मिळाला नव्हता.

मला मात्र काहीतरी खटकत होतं, पण मी मनावर घेतलं नाही.

जूनमध्ये मायलोने माझ्या भांड्यातून रुबार्बचे देठ पाठवले होते, म्हणून मी त्या आंबट देठांचा, ॲपल पायसारखा, गोड पाय भाजून अर्धा त्याला द्यायला निघाले. मोठं दार बंद होतं. बाजूचं छोटं दार अर्धवट उघडं. आत कामाच्या बाकावर बसवलेल्या, लोखंड पकडायच्या व्हाइसच्या जबड्यात तो दांडा आवळलेला होता. चांगला, सरळ, एप्रिलमध्ये बसवलेला. मायलोने त्याच्या टोकावर लोखंडी नळी चढवली होती आणि सगळा भार देऊन तो खाली दाबत होता. दांडा हळूहळू वाकला. मग त्याने तो सोडवला, उजेडात धरून पाहिला, आणि पुन्हा आवळून आणखी थोडा वाकवला. नीट वाकला पाहिजे ना, दाराने वाकवल्यासारखा. कोठारात जसं काम केलं असेल तसंच मन लावून चाललं होतं त्याचं. मागे पत्र्याच्या दोन खुर्च्या कॉफीसाठी आधीच मांडून ठेवल्या होत्या आणि तिसरी बादली उलटी घालून केलेली.

मी ताटली घेऊन तशीच मागे वळले. घरी येऊन नळ सोडला आणि रडले, कारण नळ चालू असला की एल्डनला ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी मायलो खिशात हात घालून दारासमोर उभा. एल्डन निघाला. मी त्याला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एल्डन हसला नसता, तो भला माणूस आहे, पण त्याने रूडीला सांगितलं असतं, आणि मग मायलोने त्या दोघांना पुन्हा तोंड दाखवलं नसतं. एखाद्याची लाज आपल्या हाती लागली की ती गिळून टाकावी लागते. मी गिळली.

पण त्या दिवशी परत येताना एल्डन आणि रूडीने मिळून एक बेत केला, आणि चांगल्या मनाची माणसं जेव्हा बेत करतात तेव्हा मला धडकीच भरते. रूडीचा भाचा शहरात अशी दारं बसवतो. त्याच्याकडून त्यांनी नवी कोरी मोटार आणायची ठरवली, दांड्यासकट, दोघांनी पैसे घालून, मायलोला भेट. ही मोटार शहाणी होती. दार जरा अडलं की आपोआप थांबायची. दांडा वाकायचा प्रश्नच नाही. एल्डन खूश होता. "बिचाऱ्याचा ताप कायमचा मिटला," असं मला तीनदा म्हणाला.

मी म्हटलं, "त्याला ताप होतोय असं तो म्हणाला का?"

"तो कशाला म्हणेल? मायलो आहे तो."

एका शनिवारी ती मोटार बसली. दिवसभर पाच-सहा माणसं त्याच्या गॅरेजमध्ये होती, रूडीचा भाचासुद्धा. बायकांनी भांडी पाठवली. मायलो सगळ्यांना कॉफी ओतत होता आणि इतका बोलत होता की आर्डिथची आठवण व्हावी. संध्याकाळी सगळ्यांसमोर बटण दाबलं. दार आवाज न करता वर गेलं, आवाज न करता खाली आलं. टाळ्या वाजल्या. मायलो म्हणाला, "आता काही पाहायला नको." तो हसतच म्हणाला, पण मी त्याच्याकडे बघत होते, आणि मला ते बघवलं नाही. भांडी त्याने त्याच दिवशी हातोहात परत केली, कारण माणसं तिथेच होती.

त्यानंतर उन्हाळाभर मायलो उघड्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायचा, आमच्याकडे सगळेच बसतात तसा. शेजारी दुसरी खुर्ची. येणारे-जाणारे गाडीच्या स्टिअरिंगवरून एक बोट उचलून त्याला सलाम करायचे, तोही बोट उचलायचा. सगळ्यांना वाटायचं, मायलो मजेत आहे, दारसुद्धा छान चालतंय. मग बीट सुरू झाले, कुणाला श्वास घ्यायला सवड नाही. थंडी पडली तशी खुर्च्या आत गेल्या आणि दार दिवसातून एकदाच उघडायला लागलं, तेही टपालापुरतं. पुढे काही दिवस ते उघडलंच नाही. मी खिडकीत उभी राहून ते न उघडणं ऐकायची. असं काही ऐकता येत नाही हे मला कळतं, पण मी ऐकत होते.

नोव्हेंबरात रूडीने बातमी आणली. मायलोचा मुलगा दूर दक्षिणेत टूसॉनला असतो, तो मागेच लागलाय की घर विक आणि इकडे ये. वाळवंटात एक खोली बघितली आहे. गाडी उघड्यावरच लावायची, गॅरेज नाहीच. मायलोने घरांची दलाली करणाऱ्या बाईला फोनही केला म्हणे, वसंतात बघू असं ठरलंय. रूडी म्हणाला, "तिथे ऊन तरी असेल." एल्डन खिडकीतून समोरच्या दाराकडे बघत म्हणाला, "दार इतकं चांगलं करून दिलं त्याला."

मी त्या वेळी कणीक मळत होते. ती मी इतकी बडवली की पाव दगडासारखा झाला.

डिसेंबरात एकदा चांगली कडक थंडी पडली. एल्डन चर्चच्या बैठकीला गेला होता. आमच्या गॅरेजची मोटार जुनी, आमच्या धाकट्या लेकीपेक्षाही मोठी, तिला थांबायचं वगैरे काही कळत नाही. पाच वाजता बाहेर अंधार झालाच होता. एल्डनच्या गाडीची वाट मोकळी हवी म्हणून मी तो येईपर्यंत थांबले, तो आत आला, दार बंद झालं. मग कचरा टाकायला जाते म्हणून मी बादलीभर पाणी नेलं आणि बाहेरून दाराच्या बुडाशी, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट ओतलं. आमच्याकडे पाणी गोठायला फार वाट बघावी लागत नाही.

सकाळी एल्डन दाढी करत असताना मी गॅरेजमध्ये जाऊन बटण दाबलं. वर असा आवाज झाला की मीच दचकले. एल्डन अर्ध्या दाढीने धावत आला. दांडा वाकून कोपरासारखा झाला होता.

"या गावात जन्मलीस तू," एल्डन म्हणाला. "याच गावात. आणि गोठलेल्या दारावर बटण दाबतेस?"

"घाईत होते."

"कसली घाई? तुला जायचं कुठे होतं?"

याचा विचार मी केला नव्हता. मी म्हटलं, दूध संपलंय. फ्रीजमध्ये दोन लिटर होतं. एल्डन मला आणखी बरंच काही बोलला, मूर्खपणा, म्हातारपण, माझ्या आईवर गेलीस वगैरे, आणि मी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. लग्नानंतर असं मी पहिल्यांदाच केलं असेल. तो जरा घाबरलाच. मग मी म्हटलं, "मायलोला फोन कर. त्याच्याइतकं त्या दांड्यांचं कुणाला कळतं?"

फोन ठेवून एल्डन खिडकीशी यायच्या आत समोरचं दार वर गेलं. मायलो हत्यारांची पेटी घेऊन रस्ता ओलांडत होता, जॅकेटची चेन न लावता. काखेत एक दांडा. पायऱ्यांपाशी मी त्याला कॉफी विचारली, तर तो पहिल्यांदाच हो म्हणाला. दोनदा नको म्हणायचं विसरून गेला.

बर्फ फोडायला तो दाराबाहेर वाकला. मी कप घेऊन तिथेच उभी होते. वितळून गोठलेलं पाणी ओबडधोबड असतं, त्यात माती असते, पानं असतात. हे काचेसारखं होतं, एका रेषेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि एका बाजूला बादली टेकवल्याचा गोल. मायलो फावडं हातात धरून त्या गोलाकडे बघत राहिला. मग त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हा उठून जाणार. मी त्याच्यावरून नजर हटवली नाही.

त्याने फावड्याने पहिल्यांदा तो गोल फोडला.

मग दिवस चालला. रूडीचा ट्रक थांबला, थांबणारच होता. एल्डनने टॉर्च धरली. मायलोने काखेतला दांडा चढवला. तो त्याच्याच दाराचा जुना होता, पुन्हा सरळ केलेला, आणि त्याच्या मधोमध दोन्ही बाजूंनी व्हाइसच्या दातांच्या खुणा होत्या. एल्डनने टॉर्चचा उजेड त्यांच्यावर पाडला आणि विचारलं, हे काय लागलंय याला? मायलो म्हणाला, जुनं लोखंड आहे, त्याला असं होतं. जेवायला तो थांबला. जॅकेट खुर्चीला लटकवलं. रूडीने टूसॉनचा विषय काढला, तेव्हा म्हणाला की बघू, मुलाला घाई आहे, मला तेवढी नाही. शिवाय हा दांडा मार्चमध्ये एकदा तपासावा लागेल, सरळ केलेला दांडा कधी पुन्हा वाकेल सांगता येत नाही.

"मार्चमध्ये का, फेब्रुवारीतच ये," मी म्हटलं.

निघताना त्याला निरोप द्यायला आम्ही गॅरेजमध्ये गेलो. तिथे अर्धा तास गेला, मग बाहेर बर्फात उभं राहून आणखी थोडा. शेवटी एल्डन गारठून आत पळाला. मायलोने पेटी उचलली. जाता जाता तो माझ्याजवळ थांबला आणि कोठारातल्या नव्या माणसाला काम शिकवावं तशा सुरात हळूच म्हणाला, "एवढं पाणी कशाला ओतलंस? अर्धी बादली पुरते."